माशी न बसलेली करंदी

मंडळी, एक विचारतो. आपल्या ताटातला घास आणि परक्याच्या ताटातला घास — देवाच्या दारी ह्यात फरक असतो का हो? 'नाही' म्हणालात! लगेच म्हणालात! मग ऐका.

खाडीकाठी हरेश्वर तांडेल नावाचा गृहस्थ. करंदी — बारीक कोळंबी हो; माळकऱ्यांनी कान झाका! — ती वाळवायची, तळायची, मसाला लावून पाकिटात भरायची, असा त्याचा छोटा कारखाना. एकदा बर्फाची गाडी आलीच नाही. माल खराब व्हायला लागला. कोणीतरी कानाशी लागलं, "फॉर्मलिन मार. कुणाला कळतंय?" अहो, प्रेतं टिकवायचं औषध ते! ह्यानं मारलं. बायकोपासून, मंजुळेपासूनही लपवलं.

सकाळी माल उन्हात पसरला... आणि अंगण गप्प! एक माशी नाही. मांजरं कुंपणाबाहेर बसलेली. आत टक लावून बघतायत — पण पाऊल टाकत नाहीत!

"अहो, मांजरांना आज झालंय काय?" चुरचुरणारे डोळे पुसत मंजुळा म्हणाली.

"पोट भरलं असंल!"

पहिली खेप त्यानं मंजुळेला चव घेऊ न देता परस्पर बाजारात धाडली. दुसरी तळून होतेय, तोच अन्नतपासणीच्या मॅडम दारात! डोक्याला टोप्या, हातमोजे, लख्ख लादी — सगळं जागच्या जागी. "वा! माशीसुद्धा नाही!" मॅडम खूश. हरेश्वरनं मात्र घाईघाईनं अंगणाकडचं दार लोटलं.

मंजुळेनं ताटली पुढे केली.

"नको हो, माझा गुरुवार."

— वाचल्या बिचाऱ्या! उपवास असा फळतो, मंडळी!

"मग मीच मीठ बघते," म्हणत मंजुळेनं चिमूट उचलली. आता? गप्प बसावं, तर कारखाना वाचतो. बोलावं, तर सगळं जातं. चिमूट ओठांशी गेली —

"टाक! मंजुळे, टाक ते!" हरेश्वरच्या फटक्यानं चिमूट, ताटली, सगळं उडालं. आणि मॅडमसमोरच तो सगळं बोलून गेला.

दाराला सील लागलं. मंजुळा एवढंच म्हणाली, "मला थांबवलंत. बाजारात कोणाला थांबवलंत?"

तो दुकानोदुकानी फिरला, पाकिटं मागत. पण सगळी परत आली नाहीत. ती कोणी खाल्ली? त्याला ठाऊक नाही! आजही बाजारात एखादं पोर पोट धरून बसलेलं दिसलं, की ह्याचे पाय जागीच थिजतात.

मंडळी, तुमच्यात कोणी दूध घालतं, कोणी भजी तळतं, कोणी मसाला विकतं. बायकोसाठी हरेश्वर ओरडला. ज्याचं तोंड तुम्ही कधी बघणार नाही, त्याच्यासाठी ओरडाल?

टाळ थांबवा रे. आता 'हो' म्हणायची घाई करू नका.