दारापुढलं ऊन

माहं माहेर पाचोडचं. वडील आठवडी बाजारात लुगडी इकायचे, आन् काय सांगू तुम्हाला, बाई कितीबी ओळखीची असू द्या, तिला पालाखाली लुगडं घेऊ द्यायचे नाय, म्हणायचे माय, भायेर ये, उन्हात धर, मंग रंग बघ, सावलीतला रंग घरी जाऊन बदलतो. बायाबी तशाच, दोघी दोन टोकं धरून उन्हात हुब्या राहायच्या. तेच माह्या डोक्यात बसलं.

लग्न करून इथं शहरात औरंगपुऱ्याच्या मागं बोळीत आले. एकच खोली, एकच खिडकी. हे वाळूजला कंपनीत व्हते, शिफ्टच्या बसनं जायचे-यायचे. एक दिवस अंगावर लोखंड पडलं, कंबर गेली, मानेलाबी मार लागला, आन् तव्हापसून हे खाटेवर, कमरेखाली कायबी कळत नाय, मानबी उचलत नाय. रडून झालं, मंग म्हणलं पोटाचं काय, वडलांचा धंदा येतो, मोबाईलवर साड्या दाखवू.

पर खोलीत अंधार. बल्ब लावला तर मोरपंखी साडी हिरवी दिसायची, बाया परत धाडायच्या, म्हणायच्या ताई, रंग येगळाच आला. खरंय त्यांचं. आमच्या दारापुढं बोळीत ऊन पडतं, पर छज्ज्यामुळं खिडकीतनं आत येत नाय. म्हणलं साडी उन्हात नेता येत नाय तर ऊनच साडीकडं आणू. आधी आरसा ठेवला, तर भिंतीवर नुसता झगझगीत तुकडा पडला, त्यात साडीचा रंगच उडाला. मंग थर्माकोलच्या फळीला चंदेरी कागद लावला, तो आधी चोळामोळा करून, म्हंजी उजेड पसरतो, आन् ती फळी बोळीत तिपाईवर तिरपी ठेवली. अहो, जरीचा धागा न् धागा दिसाया लागला! लाईव्ह करायचे, बाया म्हणायच्या ताई, दिसती तशीच साडी येती तुमची. चूल पेटायची, ह्यांचा दवाखाना भागायचा.

खाट कोपऱ्यात सरकवली व्हती, व्हिडिओत दिसू नाय म्हणून. हेच म्हणले व्हते, सरकव.

एक दिवस लाईव्ह चालू, आन् बोळीतनं गाडीवाला गेला, तिपाईला धक्का, फळी वाकडी. बाया लिहाया लागल्या ताई, दिसंना, ताई, दिसंना. मी भायेर पळाले, फळीला हात लावला, खिडकीतनं पाहते तर सगळं ऊन ह्यांच्या तोंडावर. डोळे मिटलेले, आन् हसत व्हते हो. म्हणले, अगं राहू दे जरा, लई दिवसानं लागलं. काय सांगू, ऊन रोज घरात येत व्हतं, आन् माणूस तिथंच अंधारात. हात उचलंना माहा. मोबाईल तसाच चालू राहिला, बाया निघून गेल्या. तव्हापसून ठरलं, आधी ह्यांना, मंग साड्याला.

पर तेबी देवाला बघवलं नाय. समोर खालाचं, म्हंजी शेजारच्या मुसलमान मावशीचं, पत्र्याचं घर, तिनं वर मजला काढला. खाला वाईट नाय, ह्यांच्यासाठी शोरबा आणून देती. मला म्हणली, क्या करूं बाई, पोट्टे की शादी है, कमरा तो होना ना. म्हणलं व्हय खाला. तिला काय म्हणू, ऊन काय माह्या बापाचं हाय? भिंत चढली तसं ऊन आटलं. आता सूर्य माथ्यावर आला की चिमूटभर पडतं. धंदा बसला, मी धुण्या-भांड्याला जाते. हे म्हणतात साड्यावर पाड गं, खायचं काय. मी आयकत नाय. भरदुपारी येते, बोळीत फळी धरून हुबी राहते, आधी तोंडावर, मंग छातीवर, मंग खाली. आतून इचारतात, पायावर आलं का गं? पायाला कळत नाय ना त्यांच्या. मी म्हणते, आलं.

तुमच्या घरात ऊन येतं ना? येऊ द्या बाबा, सदा येऊ द्या. खाला आता अजून वर बांधणार हाय. बांधू दे. हे पायाचं इचारतील, आन् मी आलं म्हणीन.