उघड्यावरचा बर्फ

नाही, नाही, आत नको जाऊस इतक्यात. बस इथे, बाकावर बस — ती पिशवी माझीच आहे, सरकव बाजूला. रोमनने तुला बोलावलंय हे खरं, सकाळपासून दोनदा विचारून झालं त्याचं, तो क्युबेकचा पोरगा आला का म्हणून, पण नर्स आहे आत, पट्ट्या बदलतायत, त्या वेळी मलासुद्धा बाहेर काढतात. मी व्हर्ना. त्याची आई. आणि तू ग्रावेल. एतिएन ग्रावेल — अरे, ओळखणार नाही तर काय, काल त्या मोठ्या पडद्यावर इतक्यांदा दाखवला तुझा चेहरा. कळतंय ना तुला मी बोलते ते? तुमच्याकडे सगळं फ्रेंच. सावकाश बोलते मग. म्हणजे प्रयत्न करते. माझा नवरा म्हणायचा, व्हर्ना, तू बोलतेस ते कायम बस सुटायला आल्यासारखं. ऑरेस्ट त्याचं नाव. गेला बिचारा. हे घे, खा — पेरोगी आहेत, बटाटा आणि चीज भरलेल्या, घरून लोण्यात परतून आणल्या. रोमनने एकीलाही हात लावला नाही, आणि मी कालपासून नुसता डबा उघडते आणि बंद करते. खा रे. कुणीतरी खा.

आधी एक सांगून टाकते, नाहीतर बोलण्याच्या ओघात राहून जाईल. तू त्याला पाडलं नाहीस. मान खाली घालू नकोस, मी पाहिलंय. तिथे, त्या वेळी नाही पाहिलं — स्टेडियमच्या वरच्या रांगेतून काय दिसतंय, खाली मुंग्या पळतायत असं वाटतं, ती काळी चकती, पक, तो तर मला अख्ख्या मॅचमध्ये एकदाही दिसला नाही — पण रात्रभर तेच तेच दाखवत होते टीव्हीवर. तो कोपऱ्यात पक घ्यायला मागे वळला, तू त्याच्या पाठीवर होतास, आणि त्याचं स्केट बर्फातल्या त्या मऊ जागेत रुतलं. रुतलं म्हणजे बसलंच आत. वरचा माणूस पुढे गेला आणि पाय मागेच राहिला. तू तर हात काढून घेतलेस मागे, अगदी असे, गरम तव्यावरून काढावेत तसे. थांबायला बघत होतास, पण त्या तसल्या बर्फावर थांबतोय कोण, गेलास त्याच्या अंगावर. तीस हजार माणसं तुझ्या नावाने ओरडत होती. मीसुद्धा ओरडले असेन. आठवत नाही. लोक काय काय लिहितायत तुझ्याबद्दल, ते वाचू नकोस हं — वाचलंस ना? दिसतंयच तोंडावर. थांब, मी उभी राहते जरा. बसवत नाही मला. तू बस.

मला सांग, कुणी काढलं हे उघड्यावर हॉकी खेळायचं खूळ? चांगलं छप्पर आहे, चार भिंती आहेत, खाली नळ्यांतून थंडी फिरते, बर्फ आरशासारखा गुळगुळीत. ते सोडून फुटबॉलच्या मैदानात बर्फ घालायचा आणि वर आभाळाकडे बघत बसायचं. आणि आमचं आभाळ म्हणजे — रेजायनात जानेवारीत थुंकलं तर जमिनीवर पडेपर्यंत गोठतं म्हणतात, आणि नेमकी या आठवड्यात थंडी मोडली. दुपारी ऊन पडलं. ऊन! मॅच पुढे ढकलली, बर्फावर पांढरी ताडपत्री घालून ठेवली, गोलकीपर ऊन डोळ्यांवर चमकू नये म्हणून डोळ्यांखाली काळं फासून बसले. मग संध्याकाळी वारा सुटला तो असा, की वरून पाणी सुटलेला बर्फ पुन्हा गोठला, पण खाचाखोचांसकट, नांगरटीनंतर ढेकळं राहतात ना तसा. एकाच्या पाठीवर वारा, दुसऱ्याच्या तोंडावर. म्हणून तिसऱ्या डावात अर्ध्यावर बाजू बदलणार होते म्हणे, म्हणजे अन्याय नको कुणावर. वाऱ्याचा हिशोब ठेवला त्यांनी. कोपऱ्याचा नाही ठेवला.

नाही, तेही खरं नाही. ठेवला होता. तुला माहितीच आहे, तू होतास की सकाळी सरावाला. रोमननेच दाखवली ती जागा, काठीने ठोकून दाखवली. मग ते बर्फ सांभाळणारे लोक आले, बर्फाचा ओला भुगा थापला आणि आग विझवायचं नळकांडं फवारलं त्यावर, फुस्स करून, की गोठतं म्हणे. मग दोन्ही कॅप्टनना विचारलं, खेळायचं का. तुमचा कॅप्टन आमच्या कॅप्टनकडे, रोमनकडे बघायला लागला. आणि माझा मुलगा काय म्हणाला? म्हणाला, चालेल. तीस हजार माणसं अंगावर गोधड्या घेऊन आलीयेत, लांबलांबच्या गावांतून गाड्या हाकत आलीयेत, कुणी म्हातारा बाप चाकाच्या खुर्चीतून आणलाय, त्यांना काय सांगायचं, कोपरा मऊ आहे, जा घरी? हे त्यानेच मला सांगितलं, आत, काल, इंजेक्शनच्या गुंगीत. "आई, मीच चालेल म्हणालो." तर मग दोष द्यायचा कुणाला? मला द्यायचा होता रे कुणाला तरी. तू दाराशी आलास तेव्हा म्हटलं, आला, बरा सापडला, हा चालेल. आणि बघते तर तू टोपी हातात चुरगाळत उभा. अठराचा तरी आहेस का? बावीस. बरं. दिसत नाहीस.

पण खेळायला बोलावलं की सगळे धावतात, का धावतात तेही मला कळतं. कळत नाही असं नाही. आमचं शेत कॅनोरा गावाच्या पलीकडे, घरामागे शेततळं. नोव्हेंबर सरला की तळं गोठायचं, ऑरेस्ट आधी कुऱ्हाडीने भोक पाडून जाडी बघायचा, मग ट्रॅक्टरने बर्फ बाजूला ढकलायचा, आणि हा रोमन — चालायला शिकल्यावर लगेचच म्हण — दिवसभर तिथे. भिंत नाही, कठडा नाही, पक लांब गेला की गेला, वाळक्या लव्हाळ्यांत जाऊन शोधायचा. संध्याकाळी नाक लाल करून यायचा आणि स्वयंपाकघरात पाय बधिर झाले म्हणून रडायचा, आणि रडता रडता विचारायचा, उद्या किती वाजता. ते तळं काही डोक्यातून जात नाही त्यांच्या. कितीही मोठे होऊ देत. तू हसलास — तुमच्याकडेही होतं वाटतं? नदी? अच्छा, नदीवर. तेच ते.

आणि रोमनला कोण बघायला आलंय आजवर? बारा वर्षं झाली खेळतोय, पोटापाण्याला खेळतोय, पण या खालच्या लीगमध्ये, बस करून हिंडायचं, अर्धी रिंक रिकामी. वरच्या लीगमध्ये चार मॅच खेळला, चारच, आणि त्यांतल्या दोन मी पाहिल्या नाहीत, गाय व्यायली होती. तर परवा फोन आला त्याचा. मी त्याच्या मॅचना जाणं कधीच सोडलेलं, त्याला माहीत आहे. म्हणाला, "आई, ही एक बघ. ही आपल्या तळ्यावरच्यासारखी आहे." मग काय, गेले. आणि खोटं कशाला बोलू — मॅच सुरू व्हायच्या आधी ते गाणं वगैरे झालं, तुम्ही सगळे ओळीने उभे, आणि बर्फ पडायला लागला. अगदी बारीक, पिठासारखा. सगळे सरळ समोर बघतायत आणि एकटा रोमन मान वर करून आभाळाकडे बघतोय, तोंड उघडं टाकून. तेहतीस वर्षांचा घोडा. त्या मुंग्यांमध्येही मी ओळखला तो. छपराखाली मी त्याला तसं कधी पाहिलं नाही, छपराखाली तो कायम कामावर असल्यासारखा असतो. तेवढ्यासाठी — तेवढ्यासाठी म्हणशील तर ठीक आहे, खेळा उघड्यावर. तेवढं मिनिटभर. मग सगळ्यांनी आपापल्या घरी जावं.

नर्स गेली वाटतं. नाही, ती शेजारच्या खोलीतली. बस, बस. खाल्लीस का? अजून घे.

डॉक्टर आली होती सकाळी. गुडघा आणि खालचं हाड, दोन्ही. म्हणाली, चालेल, जिना चढेल, ट्रॅक्टर चालवेल. खेळणार नाही. असं सरळ सांगितलं, मला आवडलं तिचं, लांबण लावली नाही. रोमनने भिंतीकडे तोंड केलं. तेव्हापासून मला फक्त तेवढंच विचारतो — तो पोरगा आला का. आणि तुला खरं सांगू? मी इकडे बाहेर येऊन त्या खिडकीपाशी उभी राहिले आणि मला बरं वाटलं.

बघ, आता असा बघू नकोस. तू ऐकून तर घे. त्याला डोक्याला किती वेळा लागलंय माहितीये? आम्ही मोजणं सोडून दिलं. लग्नही टिकलं नाही त्यातच, तो भाग सोड. गेल्या उन्हाळ्यात घरी आला होता, गावात पाव आणायला गेला. तासभर झाला तरी पत्ता नाही. मग फोन. गाडी रस्त्याच्या कडेला लावून बसलेला. म्हणतो, आई, आपलं वळण कुठलं गं? तिथे एकच वळण आहे. वीस वर्षं शाळेची बस तिथे थांबत होती. मी म्हटलं, टपालपेटी दिसते का निळी, तिथून आत ये. आला. पाव मात्र बरोबर आणला होता. त्या दिवसापासून फोन वाजला की मी हातातलं टाकून धावते. विम्याचा माणूस असला तरी धावते.

म्हणून काल मॅचला जायच्या आधी चर्चमध्ये गेले. मेणबत्ती लावली. बायका येतात तिथे मॅचच्या दिवशी, पोरं जिंकावीत म्हणून लावतात. मी म्हटलं, देवा, ही शेवटची असू दे. एवढंच म्हटलं. कशी, ते नाही सांगितलं. ते त्याच्यावर सोडलं — आणि बघ. सांगायला हवं होतं ना, की अशी नको, सुखाची शेवटची असू दे. सुचलंच नाही. आणि तो तिथे कोपऱ्यात पडला, उठेना, तर पहिल्यांदा माझ्या मनात काय आलं असेल? झालं, संपलं एकदाचं. ते आधी. आणि मग भीती. आधी भीती यायला हवी होती ना? आईला आधी भीती यायला हवी.

हे त्याला सांगायचं नाही. कळलं? फ्रेंचमध्येसुद्धा नाही.

काय म्हणालास?

परत म्हण. सोडतोयस? काय सोडतोयस — हॉकी? कुणी सांगितलं तुला? कोच काय म्हणाला? घरी जायचं तिकीटसुद्धा काढलं? अरे, कशासाठी, त्या लोकांनी फोनवर घाण लिहिली म्हणून? त्यांना काय, उद्या दुसरं कुणी मिळेल त्यांना. रोमन म्हणाला माझ्याजवळ, रात्री म्हणाला, तो पोरगा चांगला खेळतो आई, वर जाईल तो, त्याच्या डोक्यात हे बसायला नको. त्याचसाठी तुला बोलावलंय. पाय असा लटकवून पडलाय आणि त्याला तुझी पडलीये, आणि तू तिकीट खिशात घालून आलास? असं नाही करायचं. तू खेळायचंस. ऐकतोस ना? बावीस वर्षांचा आहेस, तू खेळायचं नाही तर काय —

मी काय बोलतेय.

आई आहे का तुला? ती काय म्हणाली? रडली. आनंदाने? हां. मग तिथेही मेणबत्ती लावली असणार कुणीतरी. मग जा ना घरी. जा, मी कोण थांबवणारी, तिने मला शिव्या घातल्या तर त्या मी गुपचूप ऐकून घेईन. नाही, पण रोमन — तुला दिसत नाही का, त्याला आत्ता दुसरं काहीच उरलं नाहीये, तेवढं एक सांगायचं उरलंय त्याला. ते त्याला सांगू दे.

दार उघडलं. गेली ती, बघ, थाळी घेऊन गेली. ऊठ. टोपी नीट घाल, नाही, काढच, आत गरम आहे. हे बघ, तो खेळ म्हणेल. म्हणेलच. तू मान हलव. त्याच्यासमोर हो म्हण, तोंड हसरं ठेव, नदीबद्दल सांग त्याला, तुमच्या त्या नदीबद्दल, त्याला आवडेल. आणि बाहेर पडलास की तुझ्या आईला फोन कर आणि तिचं ऐक. किंवा नको ऐकूस. मला विचारू नकोस रे, मला काय विचारतोस. जा. डबा राहू दे इथेच. जा आत.