सोनेवाडीचं एका ओळीचं पान

वहिनी, सरांची मुलं, शाळेतली मंडळी आणि आपल्या रविवारच्या कट्ट्यावरचे सगळे. मला बोलायला सांगितलंय खरं. पण सरांच्या शोकसभेला यायला दोनदा निघालो आणि दोनदा कोपऱ्यावरून परत फिरलो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कांबळे सर शाळेतून निवृत्त झाल्यावर ते आणि आम्ही चौघं दर रविवारी राजारामपुरीतल्या नेटकॅफेत बसून इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशात लिहायचो. तिथं कुणीही लिहावं, कुणीही खोडावं. म्हणजे भांडणं आलीच. सगळ्यात मोठं भांडण माझं नि सरांचं.

सोनेवाडी माझं गाव, वारणानगरच्या बाजूचं. सरांच्या गावाचं नावही सोनेवाडीच, पण ते गडहिंग्लजकडलं. नुसतं 'सोनेवाडी' शोधलं की माझंच गाव उघडलं पाहिजे, हा माझा हट्ट. सरांनी तिथं दोन्ही गावांची यादी टाकली, प्रत्येकापुढं तालुका लिहून. मी ती उडवली. त्यांनी परत टाकली. मी परत उडवली. किती वेळा? विचारू नका, लाज वाटते.

शेवटी सर म्हणाले, "पाटील, तुमचं गाव मोठं हाय, व्हय. पण शोधणाऱ्याला कुठलं पायजे, ते तुमी कसं ठरवणार? आसं करू. मी तुमच्या गावाचं लिवतो, तुमी माझ्या. सोता जाऊन, बघून. मग बोलू की."

सर दुसऱ्याच आठवड्यात एसटीनं गेले. दोन दिवस राहिले. आमच्या आप्पांशी गप्पा मारल्या, तालमीत बसले, गावची विहीर कुणी खणली तेही विचारून आले. माझ्या गावाचं पान आज वाचा. मलाच माहीत नव्हतं ते त्यात आहे.

आणि मी? मी गेलो नाही. पुढच्या रविवारी जातो म्हणालो. मग पोराची परीक्षा आली. मग ऊसतोड आली. पुढच्या रविवारी, पुढच्या रविवारी. सर एकदाही टोचून बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

परवा मी त्यांच्या गावाचं पान उघडलं. एकच ओळ. गडहिंग्लज तालुक्यातलं एक गाव. अहो, सर तिथं जन्मले! त्यांना घरन् घर पाठ होतं. तासाभरात पान भरून टाकलं असतं. पण ते पाटलांनी लिहायचं ठरलं होतं, म्हणून त्यांनी हात लावला नाही. काल वहिनी मला म्हणाल्या, "दर रविवारी ते पान बघून यायचे. म्हणायचे, लिवतील पाटील."

उद्या सकाळच्या गाडीनं मी तिकडं जातोय. जाऊन विचारेन, लिहीन. पण ते वाचून चुका काढणारा माणूस कुठून आणू?

आता सरांसाठी दोन मिनिटं शांत उभे राहू या. माझी चुळबूळ झाली तर सांभाळून घ्या. सर, चुकलो. जय भीम.