आज्ञेत नसलेल्या मुलाची नोटीस

पोलीस स्टेशन मोर्शी, जि. अमरावती

माझे नाव देवमन रामराव खेरडे, वय ७७ वर्षे, धंदा शेती, रा. मौजे चिंचखेड, ता. मोर्शी. मी समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, मी वरील पत्त्यावर पत्नी दुर्गाबाई हिच्यासह राहतो. माझा एकुलता एक मुलगा रामराव हा मागील दिवाळीपासून अकोला येथे मोटारपंपाच्या दुकानात काम करतो. तो घर सोडून का गेला, असे हवालदार दीपमाला मॅडम यांनी विचारले. हे माझ्या बोलीतच लिहावे असे मी म्हटल्याने पुढील मजकूर तसा लिहिला आहे.

रामरावाले संत्र्याची बाग काढून तुती लावाची होती. रेशमाच्या अळ्या पाळतो म्हने. मी म्हनलं, बाग माझ्या बापानं लावली, मेलेल्या झाडांच्या खांडण्या नव्या कलमांनं भरून भरून मी टिकवली, मी जित्ता हाये तोवर तिले कुऱ्हाड लागणार नाही. तो म्हने, "बाबा, बहार टिकून नाही रायला, झाडं थकले." मी म्हनलं, "झाडं नाही, तू थकला." त्याच सांजेले तो गेला. तवापासून त्याची माय त्याच्याशी फोनवर बोले अन् मी बाजूले बसून ऐको. फोन मी हातात घेतला नाही.

गेल्या सोमवारी गावच्या मोबाईल ग्रुपवर पेपरातल्या कात्रणाचा फोटो आला. त्यात असं होतं: "जाहीर नोटीस. सर्व लोकांस कळविण्यात येते की, आमचा मुलगा रामराव देवमन खेरडे, राहणार मौजे चिंचखेड, तालुका मोर्शी, हा आमच्या आज्ञेत नाही. सबब त्याच्याशी कोणीही देवघेव करू नये." फोटो कोणी टाकला ते मले माहीत नाही. अशा नोटिशी आमच्याकडं आजही निंगतात अन् अशाच भाषेत निंगतात, म्हनून कोणाले शंका आली नाही.

दुसऱ्या दिवशी रामराव अकोल्याहून मोटारसायकलनं आला. चप्पलही काढली नाही. म्हने, "बाबा, पेपरातून काहून हाकललं? तोंड नव्हतं काय?" मी मायची आण घेतली, मी नाही देल्ली म्हनलं. त्याले पटलं नाही. नाव माझं, गाव माझं, भांडण साऱ्या गावाले ठाऊक. दुर्गाबाई मलेच म्हने, "चार महिने तोंड फुगवून हिंडता, मंग लोकांले खरं काहून नाही वाटन?" तिचं बरोबर होतं, पण मले लय राग आला.

बुधवारी त्याच्याच गाडीवर बसून आमी अमरावतीले पेपरच्या हापिसात गेलो. मी भांडाच्या तयारीनं गेलतो. तिथं रागिणी नावाच्या मुलीनं पेपर काढून देल्ला. तिच्याकडं "शंभर वर्षांमागच्या जाहिराती" असं सदर हाये. केसाच्या तेलाची जाहिरात, हरवलेल्या म्हशीची, अन् त्याखाली ही नोटीस, सन १९२६ ची. ग्रुपवरच्या फोटोत वरचं सदराचं नाव अन् खालच्या ओळी कापल्या होत्या. त्या ओळी अशा: "कारण त्याने आम्हास न विचारता कपाशीच्या वावरात संत्र्याची कलमे लाविली आहेत. देवमन सखाराम खेरडे."

देवमन सखाराम म्हंजे माझा आजा. आमच्यात नातवाले आज्याचं नाव ठेवतात. म्हनून मी देवमन, माझा बाप रामराव अन् माझा पोट्टाही रामराव. नोटीस माझ्या बापावर होती.

मले खुर्ची देल्ली, पाणी देल्लं. बापानं हे कधी सांगतलं नाही. मले त्यानं जन्मात एक डाव रागावलं नाही, तवा मी समजो की गडी मऊ हाये. आजा शेवटी त्याच बागेत खाटेवर पडून राहे अन् संत्रं सोलून द्याले माझ्या बापालेच हाका मारे, असं माय सांगे. म्हंजे राग गेलता. पण कवा गेला, किती साल लागले, हे सांगाले आता कोणी नाही. मी ७७ चा हाये. मले तेवढी सवड नाही.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. नोटीस माझी नाही, एवढं गावात कळावं म्हनून जबाब देल्ला.

अजून एक लिवून घ्या. नाल्याकडचा तुकडा रामरावानं तुतीले घ्यावा. जमलं तर पुढं बाकीचं पाहू. नाही जमलं तरी वावर कुठं पळून नाही जात. अन् त्यानं घरी यावं. त्याच्याबिगर मले गमत नाही. हे त्याले अजून सांगतलं नाही. गाडीवर वाऱ्यात ऐकू येत नाही.

जबाब मॅडम वाचून दाखवत होत्या. मी म्हनलं, पोट्टा बाहेर बसला हाये, त्याले वाचू द्या. रामरावानं पहिल्यापासून वाचला. शेवटाकडं येऊन थांबला. म्हने, "बाबा, याच्यासाठी ठाण्यात यावं लागलं?" मी म्हनलं, "पुढं वाच." त्यानं पुरा वाचला. मी ऐकला, माझ्या सांगण्याप्रमाणं हाये.

समक्ष,
दीपमाला, महिला हवालदार

सही,
देवमन रामराव खेरडे