हळद लावलेला फुटबॉल

नाही, पण मला एक सांगा, गर्दी करावी की नाही हे ठरवायला कुणी गर्दी करतं का हो? आमच्या लोणावळ्यात करतात! वाचनालयाची ती एवढीशी खोली, तिच्यात अख्खी फुटबॉल कमिटी कोंबलेली, गार वारा लागतो म्हणून खिडक्या लावलेल्या, प्रत्येकाच्या गळ्यात कापराची पुरचुंडी, आणि चर्चा कशाची, तर मोकळ्या माळावर खेळलं तर मानमोडी पसरेल का... तुम्हाला सांगतो, त्या खोलीत एका संध्याकाळी जेवढं खोकलं गेलं, तेवढं माळावर जन्मात कुणी खोकलं नसेल.

म्हणजे झालं असं. भाद्रपदात मानमोडी आली, सन अठराची इन्फ्लुएंझाची साथ, ती काय होती हे मी सांगायला नको, तुमच्याही घरातून तिनं कुणाला ना कुणाला नेलंच असेल. घाटात इंजिनं उभी होती, पण चालवायला माणूस नव्हता. स्मशानात लाकूड मिळेना. शील्डचे सामने बंद पडले, आणि पडले ते नेमके शेवटच्या सामन्याच्या तोंडावर, आम्ही विरुद्ध तळेगाव. मार्गशीर्षात साथ जरा ओसरली, तशी आमच्या अध्यक्षांना, बाळासाहेब वकिलांना, चैन पडेना. शील्ड ठेवायला त्यांनी दिवाणखान्यात आधीच फळी ठोकून घेतली होती! टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "काही झालं तरी सामना झाला पाहिजे!"

मग डॉक्टर उठले. ते नाकातून बोलतात. "बाहेरचं सोडा हो, पण बॉलच्या पोटात श्वास कुणाचा आहे?" झालं! सगळी कमिटी माझ्याकडे वळली. कारण ती रबरी पिशवी तोंडानं फुगवतो कोण, तर मी, गंगाधर मास्तर, शाळेत भूगोल शिकवतो आणि संघात राखीव आहे. किती वर्षं राखीव ते विचारू नका. माझ्या वर्गातली पोरं संघात आली, खेळली, थकली, संसाराला लागली, आणि मी आपला बॉल फुगवतोय, वादी आवळतोय, चामड्याला तेल चोळतोय. एकदा, फक्त एकदा, खऱ्या सामन्यात माझ्या पायाला बॉल लागावा, एवढंच होतं हो मागणं. बॉलही एकच. लढाईच्या पायी विलायतेहून दुसरा येईना.

तर माझ्या श्वासावर दोन दिवस खल झाला. शेवटी ठरलं की सामना झाला पाहिजे, पण शास्त्रोक्त. बघणाऱ्यांनी हातभर अंतर ठेवून उभं राहायचं. ओरडायचं नाही, ओरडण्यातून रोग पसरतो. गोल झाला तर नुसते रुमाल हलवायचे. आणि बॉलला कडुनिंबाची धुरी देऊन वर हळदीचा जाड लेप. तो लेप बाळासाहेबांच्या मातोश्रींनी दिला, आणि एवढी हळद लावल्यावर कुंकवावाचून बरं दिसत नाही म्हणून मधोमध टिळाही लावला. कमिटी म्हणाली, चालेल, कुंकवानं काही अपाय नाही.

आता सगळं ठरलं, पण खेळायचं कुणी, हे कुणी विचारलं? मी आपलं भीत भीत विचारलं. यादी निघाली. दोन हाफबॅक गेलेले, एक उठून बसतोय तेवढंच, एकाचं घरच बंद. बाळासाहेबांनी बोटांवर मोजून बघितलं आणि म्हणाले, "अहो मास्तर, तुम्ही आहात की!" तुम्हाला सांगतो, लाज वाटली मला. आणि त्या लाजेखाली आनंदही झाला, खोटं कशाला बोलू? घरी येऊन वासंतीला, म्हणजे मंडळींना, सांगितलं. ती चुलीपासून हलली नाही. म्हणाली, "इतकी माणसं गेली, तेव्हा कुठं तुमचा नंबर लागला." बसा आता!

आमचा सेंटर फॉरवर्ड दत्तोबा, शेजारच्या औंढे गावचा, रेल्वेच्या शेडमध्ये कामाला. त्याचा धाकटा भाऊ गेणू आश्विनात गेलेला. दत्तोबाला बाळासाहेबांनी निरोपावर निरोप धाडून आणलं. बिचारा आला.

सामना सुरू झाला. सुरू झाला म्हणायचं आपलं! तळेगावकर नऊच आले होते. पंच दुखण्यातून उठलेला, त्याच्या छातीत शिट्टीपुरताही वारा नाही, तो हात वर करून दाखवी. माळाभोवती लोणावळेकर हातभर अंतरावर, रुमाल घेऊन, मुके. मयतीला तरी माणसं बोलतात हो! आणि अशात तो पिवळाजर्द बॉल टप्पे घेत माझ्याकडे आला... माझ्याकडे! इतक्या वर्षांचं सगळं मी त्या एका लाथेत घातलं. बॉल दत्तोबाच्या डोक्यावरून गेला, गोलावरून गेला, बांधावरून गेला आणि औंढ्याच्या शिवेत जाऊन पडला.

आता रोगराई आली की आमच्या मावळात काय करतात, ते तुम्हाला ठाऊक आहे. मरीआईला छोट्या गाड्यात बसवायचं, हळदकुंकू वाहायचं, आणि हलगी लावून गाडा पुढच्या गावाच्या शिवेत ढकलायचा. पुढच्यानं त्याच्या पुढच्या. औंढेकरांनी आपला गाडा आदल्याच दिवशी काढलेला, अख्खं गाव शिवेवर राखण करत उभं, आणि लोणावळ्याकडून हळदकुंकू लावलेलं काहीतरी गडगडत आत आलं!

गावचा म्हातारा रखमाजी पुढं झाला. शांतपणे म्हणाला, "मास्तर, आमी आमची काल वाटंला लावली. अन् तुमी तुमची हिकडं ढकलता व्हय?" मी म्हटलं, अहो आबा, हा फुटबॉल आहे, ही हळद जंतूंसाठी आहे! तो म्हणाला, "आमची तरी कशापाई असती?" घ्या! आणि मी म्हणे शाळामास्तर!

दत्तोबा बांध चढून बॉल उचलायला वाकला. तेवढ्यात त्याची आई, धोंडाबाई, मागून म्हणाली, "दत्तू, हात लावू नगंस. एक गेलाय माजा."

तो तिथंच थांबला. इकडून बाळासाहेब ओरडले, स्वतःचाच नियम मोडून, "अरे आण तो बॉल, सामना झाला पाहिजे!"

दत्तोबा वळला. "वकीलसाहेब, गेणू गेला तवा तिरडीला चवथा खांदा मिळंना. मी निरोप धाडलावता. तुमच्या कमिटीत लय माणसं हायेत, न्हाई का?"

एवढंच बोलला आणि आईबरोबर निघून गेला. मग रखमाजीनं निरगुडीची फांदी तोडली, हलगी आली, आणि माझा तेल चोळलेला बॉल फांदीनं ढकलत ढकलत औंढेकर पुढच्या शिवेकडे निघाले. आम्ही वीस-बावीस शहाणे बघत राहिलो.

पुढं काय? कमिटी! बॉल परत येताच सामना झाला पाहिजे, असा ठराव एकमतानं पास. आणि बॉल निघाला मावळच्या फेरीला. आज या गावानं नारळ फोडून पुढं लावला, उद्या त्या गावानं हिरवं चोळखण बांधलं, पौषात म्हणे तिकोणा पेठेत होता. मी वर्गात पोरांना बॉलच्या वाटेनं तालुक्याचा भूगोल शिकवला. शाळा सुटल्यावर घाटाकडे तोंड करून उभा राही... येईल हो, येईल!

आणि आला! शिमग्याच्या सुमाराला, कुणेगावाकडून, खंडाळ्याला लागून आमची शीव आहे तिथं. हलगी वाजत आली आणि बॉल शिवेत लावून परत गेली. कमिटी धावली, गाव धावलं, मी सगळ्यांच्या पुढं. बॉल बघितला. निम्मा बसलेला, चोळखण गुंडाळलेलं, कुंकवानं लाल. आत अजून माझाच श्वास! मी उचलायला वाकलो.

"मास्तर, हात लावू नका!" बाळासाहेब. चार पावलं मागं, नाकावर रुमाल. "गावोगावचा रोग आहे त्याच्यात. पुढं लावा."

म्हटलं, अहो, पण सामना झाला पाहिजे ना?

"आधी तो खंडाळ्याच्या हद्दीत जाऊ द्या!"

मग काय करता? दोन पावलं मागं सरकलो आणि मारली लाथ. तुम्हाला सांगतो, काय बसली! निम्म्या वाऱ्याचा बॉल, पण असा सरळ, असा उंच गेला, की दत्तोबानंही मान डोलावली असती. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मनासारखी लाथ बसली होती, अख्खं लोणावळं बघत होतं, मी छाती काढून मागं वळलो... रुमाल एकही हलला नाही. सगळे नाकाला होते.