गोठवण्याचा उपयोग

घोटावड्याच्या बसथांब्यावर माझ्यापुढे एक घरमालकीण आणि तिची भाडेकरू मुलगी उभ्या होत्या.

“आज साडी नेसून कुटं निगालीस, क्षितिजा?”

“संशोधनाला निधी मागायला, काकू. समितीपुढे बोलायचंय.”

“कसलं संशोधन?”

“शरीर गोठवून जपायचं आणि पुढे पुन्हा जिवंत करायचं.”

“म्हंजी मेलेली मानसं उठिवनार?”

“ते फार लांबचं आहे. आधी नुसती किडनी. काढलेली किडनी दीडेक दिवसात वाया जाते. नीट गोठवता आली, तर कितीतरी महिने टिकेल.”

“मानसं नगंच उठवू. आमचं मालक उठलं तर पयलं इचारत्याल, जमीन का इकली?”

“समितीतलेही असेच हसतात. म्हणतात, याचा उपयोग काय?”

“आमच्या लेकीला, रेश्माला, किडनी मिळाली हुती. नागपुरातनं यायची हुती. धुक्यानं दिसभर इमान उडलं न्हाई, आन ती वाया गेली. दुसरी मिळायच्या आत पोरगी गेली.”

“तुम्ही कधी बोलला नाहीत, काकू.”

“आता बोलले न्हवं? ह्येच सांग त्यास्नी.”

“तिचं नाव घेऊन सांगू?”

“घे की. आमच्या घरात आता कुनी घेत न्हाई.”