माणसाचा हात न लागलेली ज्वारी

…आणि वर ते प्रयोगशाळेतले सर मलाच म्हणतात, "रंगनाथशेट, चूक तुमच्या हातची!" अहो, पॅसेंजरमध्ये उभा राहून परभणीला गेलो, तिथं हात लागत नाही म्हणून तर भरवसा ठेवला ना मी!

तुम्हाला सांगतो, पूर्णेत बियाण्याचं दुकान चालवतोय अठरा वर्षं. चौथी नापास, पण दाणा दाताखाली धरला की शिवार सांगतो. यंदा मात्र चुडाव्याचा आश्रुबा अडून बसला. "शेट, गेल्या साली निम्मं उगवलंच न्हाई. औंदा तपासल्याबिगर बी घेत न्हाई. न्हाईतर हा चाललो नांदेडला!" आश्रुबा गेला की अख्खं चुडावा गाव गेलं! मग काय, बियाण्याच्या ज्वारीची पाच पोती होती, पाचींतनं मूठमूठ दाणे पुड्यांत बांधले, पुड्यांवर पोत्यांच्या ओळीनं खूण लिहिली, गेलो प्रयोगशाळेत.

तिथं ते इलेक्ट्रॉनचं सूक्ष्मदर्शक… कपाटाएवढं! कंप्युटरच्या खोलीत गारेगार, चपला बाहेर. सिताराम सर म्हणाले, "आधी दाण्यावर सोन्याचा मुलामा देतो." सोन्याचा! ज्वारीला! घरी सांगितलं तर रुख्मिणी म्हणते, "सोळा वर्षं पाटल्या मागायलेय मी. ज्वारी होऊन आले असते तर बरं झालं असतं."

अन् सर म्हणतात, "शेट, आता सगळं आपोआप. फोटो आपोआप, नंबर आपोआप, यादी आपोआप. माणसाचा हातच लागत नाही!"

वा! लय आवडलं मला ते. यादीत छापलेलं… एक ते चार साफ, पाचाला बुरशी. पाचवं पोतं टाकून द्यायचं म्हणून गोठ्यात ढकललं, यादी भिंतीला डकवली, अन् येईल त्या गिऱ्हाइकाला तेच, "माणसाचा हातच लागत नाही!" दोन, तीन, चार, तिन्ही पोती आठवड्यात संपली. पहिलं राखलं आश्रुबासाठी. दिवस असे बरे, की म्हैससुद्धा शेरभर दूध जास्त द्यायला लागली!

तर एका सकाळी रुख्मिणीनं त्या राखलेल्या पोत्यात हात घातला. "अहो, ह्याला कुबट वास यायलाय."

"तुझं नाक मोठं का मशीन मोठं? तिथं माणसाचा हातच…"

"हात नका लावू, नाक लावा!"

लावलं. तुम्हाला सांगतो, बुरशीच!

पळत परभणी. सरांनी पुड्या काढून माझ्यापुढं मांडल्या. पहिल्या पुडीवर माझंच अक्षर… 'लाभ'! आता मापं टाकताना पहिल्याला कुणी 'एक' म्हणतं का? लाभ, दोन, तीन… हयात मोंढ्यात धान्य मोजण्यात गेली, तसंच लिहिलं गेलं! पण कंप्युटरला हवा आकडा. त्यानं 'लाभ' उचलून सगळ्यात शेवटी टाकला अन् बाकीच्यांना एकापासून नवे नंबर दिले… आपोआप! म्हणजे यादीतला बुरशीवाला पाच कोण? तर माझं पहिलं पोतं!

परत येतो तर आश्रुबा त्याच पोत्यावर बसलेला, बाहेर बैलगाडी.

"ऊठ बाबा, हे खराब आहे."

"भितीवरचा कागद काय म्हनायलाय? एक नंबर साफ!"

"अरे, यादी चुकली."

"मशीन चुकतंय व्हय? त्याला तर मानसाचा हातच लागत न्हाई!" माझंच वाक्य, माझ्याच दुकानात! "गंडवायलाव का मला? चांगलं पोतं सोयऱ्याला द्यायचं आसंल!"

जन्मात पहिल्यांदा गिऱ्हाइकाला 'घेऊ नको' म्हणतोय, अन् गिऱ्हाईक हलायला तयार नाही! शेवटी धरून त्याचं तोंडच घातलं पोत्यात. शिंकतच वर आला.

"आगं आई गं… मग चांगलं कोन्तं? वापसा चाललाय शेट, ओल उडायच्या आत उद्या पेरायचंय!"

"पाचवं! एकदम साफ! चल गोठ्यात!"

गेलो. पोत्याचा कोपरा फाटलेला, पोतं चपटं, त्यात तोंड घालून म्हैस शेवटचे दाणे चाटायलेली. शेरभर दूध कुठनं आलं, ते कळलं एकदाचं.

आश्रुबानं पोत्याकडं पाहिलं, म्हशीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. बैलगाडीकडं वळता वळता म्हणाला, "शेट, हे कसं झालं वो?"

म्हटलं, "आपोआप. माणसाचा हातच लागला नाही."